धोट्याच्या पोटातली अर्ध्या मिलिमीटरची फट

ठाण्याहून किंवा कल्याणहून भिवंडीत शिरले की नारपोली, पद्मानगर, गैबीनगर अशा वस्त्यांतून मागांची खटखट कानावर आदळू लागते. इथल्या लोकांच्या ती इतकी अंगवळणी पडली आहे की हा आवाज नेमका कशाचा, असा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. त्यातला मोठा वाटा धोट्याचा. कापडात उभ्या धाग्यांचा ताणा असतो आणि त्यांच्यामधून आडवा जाणारा तो बाणा. बाण्याचा धागा पोटात घेऊन कापडाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत धावणारा, दोन्ही टोकांना निमुळता आणि टोकांवर पोलादी टोप्या बसवलेला लाकडी ठोकळा म्हणजे धोटा. साध्या यंत्रमागावर मिनिटाला शंभर ते दीडशे वेळा त्याला एका पेटीतून तडाखा बसतो आणि समोरच्या पेटीत तो आदळून थांबतो. आता कोडे असे, की ज्या सुताने हलक्याशा ओढीने सुरळीत सुटत जावे अशी अपेक्षा आहे, ते सूत इतके दणके खाणाऱ्या ठोकळ्याच्या आत जागच्या जागी राहते कसे? आणि कधी कधी राहत नाही, तेव्हा नेमके काय सुटते?

उत्तर आहे धोट्यातल्या एका बोटभर जाडीच्याही नसलेल्या पोलादी काडीत, म्हणजे स्पिंडलमध्ये, आणि ती काडी धोट्याला ज्या रीतीने जखडली जाते त्या रीतीत. साध्या मागाच्या सुधारणेवर बरीच चर्चा होते; या जोडावर मात्र फारशी होत नाही. माझे म्हणणे असे, की हा जोड ताकदीला कमी पडत नाही, तो ढिलाईमुळे हरतो. आणि ढिलाई घालवायची तर पिन अधिक घट्ट ठोकण्यापेक्षा तिच्यावरचा भार काढून घेणे हाच खरा उपाय आहे.

चौकट: धोट्याच्या आत काय असते
धोट्याच्या मधोमध लांबट पोकळी कोरलेली असते. पोकळीच्या एका टोकाला स्पिंडलची जाड टाच बसते. धोट्याच्या दोन्ही बाजूंच्या लाकडी भिंती आणि ही टाच यांतून एक आडवी पिन आरपार जाते, त्यामुळे स्पिंडल बिजागरीसारखा वर उचलता येतो. टाचेखाली स्प्रिंग असते. ती स्पिंडलला उघड्या किंवा मिटलेल्या स्थितीत धरून ठेवते. स्पिंडलवर सूत भरलेली कांडी खोचतात. कांडीच्या बुडाला खाच असते आणि स्पिंडल मिटला की ती धोट्यातल्या अडसरात अडकते. सूत कांडीच्या टोकाकडून सुटते आणि धोट्याच्या दुसऱ्या टोकाजवळच्या छिद्रातून बाहेर पडते.

दणका किती मोठा?

1733 साली इंग्लंडमध्ये जॉन के याने दोरीच्या हिसक्याने धावणारा धोटा काढला. त्याआधी विणकर धोटा एका हाताने फेकून दुसऱ्या हाताने झेलत असे आणि झेलणारा हात आपोआप मागे जाऊन धक्का जिरवत असे. के याच्या धोट्याला झेलायला हात उरला नाही, लाकडी पेटी आली. पुढे 1785 साली एडमंड कार्टराइटने यंत्रमागाचे पेटंट घेतले आणि काळाच्या ओघात तडाखा मारण्याचे कामही माणसाकडून यंत्राकडे गेले. महाराष्ट्रात इचलकरंजीला विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला तो 1904 साली. तिथपासून मालेगाव, सोलापूर, भिवंडीपर्यंत जे साधे माग पसरले, त्यांच्यात हा दणका मुळातच आहे.

त्याचा ढोबळ हिशेब करता येतो. धोटा सेकंदाला सुमारे 10 मीटर, म्हणजे ताशी 36 किलोमीटर वेगाने धावतो आणि पेटीत सुमारे 20 सेंटिमीटरच्या आत थांबतो असे धरू. एवढ्या अंतरात एवढा वेग शून्यावर आणायचा तर मंदन गुरुत्वाकर्षणाच्या साधारण 25 पट होते. म्हणजे त्या क्षणापुरती धोट्यातली प्रत्येक वस्तू 25 पट जड असल्यासारखी पुढे रेटली जाते. स्पिंडल आणि भरलेली कांडी मिळून 100 ग्रॅम वजन असेल, तर जोडावर अडीच किलोचा रेटा येतो. धोट्याला सुरुवातीचा तडाखा बसतो तेव्हाही जवळपास तितकाच, पण उलट दिशेने. प्रत्येक फेरीला असे दोन झटके. मिनिटाला 120 फेऱ्या धरल्या तर 240 झटके आणि बारा तासांच्या पाळीत 1,72,800. मध्येमध्ये माग थांबतो हे लक्षात घेतले, तरी आकडा लाखाच्या खाली येत नाही.

दिशेचा मुद्दा नीट पाहण्यासारखा आहे. धोटा डावीकडे जावो की उजवीकडे, तो वळत नाही. कांडीचे टोक कायम एकाच बाजूला राहते. त्यामुळे निम्म्या झटक्यांत कांडी स्पिंडलवर अधिक घट्ट रेटली जाते आणि उरलेल्या निम्म्यांत ती स्पिंडलवरून निसटून पुढे पळायला बघते. अवघड असतात ते हे दुसऱ्या प्रकारचे झटके. त्या वेळी कांडीला मागे धरून ठेवायला फक्त स्पिंडलची आतून बसणारी पकड आणि बुडाच्या खाचेतला अडसर एवढेच असते, आणि स्पिंडलला धरून ठेवायला ती आडवी पिन.

अडीच किलोचा रेटा पोलादी पिनेला काहीच नाही. चार मिलिमीटर जाडीची पिन त्याच्या कित्येक पट भार सहज पेलेल. मग जोड खिळखिळा का होतो?

फटीचे गणित

डोंबिवलीहून सुटलेल्या लोकलमध्ये डब्याच्या पार्टिशनला पाठ टेकून उभा असलेला प्रवासी आणि पार्टिशनपासून वीतभर पुढे, कशालाही न धरता उभा असलेला प्रवासी, असे दोघे आठवावेत. मोटरमनने अचानक वेग वाढवला की पहिल्याला पाठीवर दाब जाणवतो, एवढेच. दुसरा मात्र मागे जाऊन आदळतो. गाडी तीच, धक्का तोच. फरक केवळ मधल्या रिकाम्या जागेचा.

धोट्यात नेमके हेच घडते. पिन आणि तिचे भोक यांत अर्ध्या मिलिमीटरची फट पडली, की धोटा थांबताना स्पिंडल-कांडी क्षणभर मोकळी पुढे जाते, वेग घेते आणि मग पिनेवर आदळते. फटीत मिळवलेला हा वेग लाकूड आणि धातू जेवढे दबतील तेवढ्याच अंतरात संपवावा लागतो. ते दबणे पाच शतांश मिलिमीटर धरले, तर फट त्याच्या दहापट आहे आणि म्हणून आघाताचा जोरही सुमारे दहापट होतो. अडीच किलोच्या रेट्याचा पंचवीस किलोचा घाव झाला. घावाने भोक आणखी मोठे होते, फट वाढते, पुढचा घाव अधिक जोराचा बसतो. म्हणूनच नवा धोटा कित्येक दिवस बिनतक्रार चालतो आणि एकदा खिळखिळा होऊ लागला की पाहता पाहता बाद होतो.

ही फट नजरेला दिसत नाही, पण बोटाला कळते. मागावरून उतरवलेला धोटा डाव्या हातात धरून उजव्या हाताने स्पिंडलचे टोक वर-खाली आणि आजूबाजूला हलवून पाहावे. पिनेपासून टाचेच्या टेकणीचे अंतर 15 मिलिमीटर आणि स्पिंडलच्या टोकाचे 150 मिलिमीटर असेल, तर टाचेजवळची 0.2 मिलिमीटरची ढिलाई टोकाशी 2 मिलिमीटर दिसते. अनुभवी जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारा कारागीर, एवढ्या हालचालीवरून धोटा बाजूला काढतो. टोक असे भरकटले की कांडीची मध्यरेषा आणि सूत बाहेर पडण्याचे छिद्र एका रेषेत राहत नाहीत. सुताला एका बाजूने जास्त घर्षण होते, ताण कमी-जास्त होतो आणि कापडात आडवी पट्टी उमटते. टोक वर राहिले तर ते ताण्याच्या धाग्यांना घासते. पिनच सरकून धोट्याच्या भिंतीबाहेर डोकावू लागली तर धावता धावता धागे तोडत जाते आणि फणीलाही दुखापत करते.

याहून नित्याचा त्रास म्हणजे सुताची वेटोळी एकदम निसटणे. आदळण्याच्या झटक्याने कांडीवरचे चार-पाच वेढे एकाच वेळी पुढे घसरतात आणि कापडात गुंता विणला जातो. दोष बहुतेक वेळा कांडी भरणाऱ्याच्या माथी मारला जातो, कांडी सैल भरली म्हणून. ते काही वेळा खरेही असते. पण घट्ट भरलेली कांडीसुद्धा दहापट घावापुढे टिकेल याची खात्री नाही, आणि सूत गुळगुळीत असेल तर मुळीच नाही. कल्याणच्या पलीकडे शहाडला सेंच्युरी रेयॉन आणि मोहोन्याला, आता बंद पडलेली, नॅशनल रेयॉन. अशा कारखान्यांत तयार होणाऱ्या व्हिस्कोस रेयॉनच्या अखंड धाग्याला सुती धाग्यासारखे तंतूंचे केस नसतात, त्यामुळे वेढे एकमेकांना धरून राहत नाहीत. असे सूत विणताना धोट्यातल्या जोडाची परीक्षा अधिक कडक होते.

एकाच पिनेला दोन कामे

अडचणीचे मूळ असे आहे. कांडी दहा मिनिटांत संपते असे धरले, तर बारा तासांत स्पिंडल सत्तरेक वेळा उचलावा लागतो. त्या वेळी तो सहज फिरला पाहिजे. उलट धोटा धावत असताना तो तसूभरही हलता कामा नये. फिरण्यासाठी पिनेला थोडी मोकळीक हवी आणि टिकण्यासाठी अजिबात नको. या दोन परस्परविरोधी मागण्या आपण एकाच पिनेवर लादतो. त्यात भर म्हणून ही पिन ज्या भिंतीत बसते, ती लाकडाची. धोट्यातले लाकडाचे तंतू लांबीच्या दिशेने जातात आणि झटकेही त्याच दिशेने येतात. त्यामुळे पिन तंतूंमध्ये पाचरीसारखी शिरते आणि भोकापासून टोकाकडे जाणारी बारीक चीर पडते.

बिजागरीला तेल का देत नाहीत, असे विचारता येईल. सुतापासून बोटभर अंतरावर तेलाचा थेंबही परवडत नाही. तो कांडीवर गेला की कोऱ्या कापडावर डाग पडतो आणि ताका बाजूला काढावा लागतो. म्हणजे हा सांधा कोरडाच चालणार हे गृहीत धरावे लागते.

त्यात कोकणपट्टीचा पावसाळा. लाकूड हवेतला ओलावा शोषून फुगते आणि कोरड्या दिवसांत आकसते; तंतूंच्या आडव्या दिशेला हा फरक बराच मोठा असतो, लांबीच्या दिशेला अगदी थोडा. पोलादाची पिन मात्र ओलाव्याने बदलत नाही. गोल पाडलेले भोक दोन-तीन ऋतूंत किंचित लंबगोल होते. शिवाय दमट हवेत स्प्रिंगला आणि पिनेला गंज धरतो. भिवंडीसारख्या खाडीकाठच्या गावात ही झीज थंड हवेच्या देशात आखलेल्या मोजमापांवर सोडून चालणार नाही.

भार पिनेवरून हलवायचा

उपाय या निदानातूनच निघतो. दोन कामे दोन भागांना वाटून द्यावीत. पिनेने फक्त फिरवायचे काम करावे. स्पिंडल मिटला की त्याच्या टाचेच्या पुढच्या आणि मागच्या सपाट बाजू धातूच्या बैठकीत फट न ठेवता बसाव्यात आणि दोन्ही दिशांचा रेटा त्या बैठकीने घ्यावा. टाच आणि बैठक यांना किंचित उतार दिला, तर खालची स्प्रिंग टाचेला सतत खाचेत ओढत राहते. थोडी झीज झाली तरी टाच तेवढीच खोल बसते आणि फट उघडतच नाही. झीज होईल हे मान्य करून ती आपोआप भरून निघेल अशी सोय करणे, हे या रचनेचे मर्म आहे. पिनेभोवती मग जरा मोकळीक राहिली तरी बिघडत नाही, कारण झटक्याच्या क्षणी तिच्यावर भारच नसतो.

बैठकीचा आकार इंग्रजी यू अक्षरासारखा ठेवून ती पोकळीच्या टोकाला असलेल्या भरीव लाकडावर टेकवावी. पिन या यूच्या दोन बाहूंतच बसते, त्यामुळे धोट्याच्या पातळ भिंतींना भोके पाडावी लागत नाहीत. रेटा एका गोल पिनेच्या निरुंद कडेवर न येता बैठकीच्या सबंध तोंडावर पसरतो आणि तंतूंच्या टोकांवर दाबाच्या रूपाने येतो. लाकूड तंतूंच्या दिशेने दाब चांगला सोसते, चिरणे सोसत नाही. पिनेभोवती टणक प्लास्टिकची बुश घातली तर ती कोरडी चालते, डाग पाडत नाही आणि थोडा धक्काही जिरवते. इथे नायलॉन वापरताना तेही थोडा ओलावा शोषते हे ध्यानात ठेवून मोजमाप घ्यावे. पिन ठोकून बसवण्याऐवजी आटे पाडलेली आणि डोके बैठकीच्या आत बुडालेली असावी, म्हणजे बदलताना लाकडाला हात लावावा लागणार नाही. कांडी आणि स्पिंडल यांच्यातली पकड हा वेगळा विषय आहे. तिथे एवढेच सांगता येईल, की लाकडी कांडीचे भोक वापराने मोठे होत जाते आणि एकसारख्या भोकाची प्लास्टिकची कांडी तेवढ्यापुरती बरी.

आक्षेप

पहिला आक्षेप वजनाचा. बैठकीने धोटा 20 ग्रॅम जड झाला तर? 400 ग्रॅमचा धोटा सेकंदाला 10 मीटर वेगाने फेकायला दर फेरीला 20 ज्यूल ऊर्जा लागते. त्यात एका ज्यूलची भर पडेल. मिनिटाला 120 फेऱ्यांना ही वाढ 2 वॉट होते, आणि अर्ध्या-एक अश्वशक्तीच्या मोटरीपुढे ती नगण्य आहे. वजनापेक्षा तोलाची काळजी महत्त्वाची. एका टोकाला भर पडली आणि गुरुत्वमध्य सरकला, तर धोटा वाकडा धावेल. धोटा मागाबाहेर उडाला तर शेजारच्या कामगाराचा डोळा जाऊ शकतो. म्हणून जेवढी भर घातली तेवढा तोल दुसऱ्या टोकाला साधलाच पाहिजे. यात तडजोड नको.

दुसरा आक्षेप मागवाल्यांचा, आणि तो रास्त आहे: भोकात कागद नाही तर सूत कोंबून पिन पुन्हा ठोकली की काम भागते, खर्च शून्य. काम भागते हे खरे, पण थोड्या दिवसांपुरते. कोंबलेला कागद दबतो आणि फट परत येते. प्रत्येक ठोकण्याने चीर थोडी वाढते. आणि हा खर्च शून्यही नाही. तो कामगाराच्या अंगावर पडतो. भिवंडीत विणणाऱ्याला मीटरवर मजुरी मिळते. गुंता झाला की माग थांबवून विणलेले धागे उसवायचे, पुन्हा सुरू करायचे; तो वेळ मजुरीत धरला जात नाही आणि डागी ताक्याची कपात वर होते. ज्या बिघाडावर त्याचा काहीच ताबा नाही त्याचे पैसे त्याने भरावेत, हे मला अन्यायाचे वाटते.

तिसरा आक्षेप इतिहासाचा आहे: स्पिंडलच कशाला हवा? जेम्स नॉर्थ्रोपने अमेरिकेत ड्रेपर कंपनीसाठी 1890 च्या दशकात जो स्वयंचलित माग तयार केला, त्याच्या धोट्यात स्पिंडल नव्हताच. कांडीच्या बुडावर धातूची कडी होती आणि धोट्यातले स्प्रिंगचे जबडे ती पकडत. वरून नवी कांडी दाबली की जुनी खाली पडे, आणि हे सगळे माग चालू असताना. जपानमध्ये साकिची टोयोडाने 1924 च्या आपल्या जी-प्रकारच्या मागात निराळी वाट धरली. कांडीऐवजी अख्खा धोटाच बदलला. या रचनेचे हक्क 1929 मध्ये प्लॅट ब्रदर्स या लँकेशायरच्या कंपनीने 1 लाख पौंडांना घेतले. नॉर्थ्रोपचे जबडे माझ्या मुद्द्याला बळच देतात, कारण तिथेही कडी खाचेत स्प्रिंगने सतत दाबलेली असते, फट राहतच नाही. पण साध्या मागावर ते आणायचे तर सगळ्या कांड्या कडीवाल्या घ्याव्या लागतील आणि कांडी भरायच्या यंत्रांतही बदल करावे लागतील. बैठकीच्या उपायात जुन्या कांड्या तशाच चालतात.

राहिला सर्वात मोठा आक्षेप. धोट्याचा जमानाच सरत आला. रेपियर, वॉटरजेट, एअरजेट माग आले, मग या जुन्या लाकडावर डोके कशाला लढवायचे? कारण भिवंडीत अजून धोट्याचेच माग चालतात. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर मुंबईच्या गिरण्यांतले माग भंगारात निघाले आणि त्यांतले कित्येक भिवंडीत येऊन पुन्हा चालू झाले. चार-आठ-बारा मागांचा धनी, मजुरीवर कापड विणून देणारा, बिनधोट्याच्या एका मागाची किंमतही सहज उभी करू शकत नाही. सरकारलाही हे ठाऊक आहे. 1 एप्रिल 2017 ला भिवंडीत सुरू झालेल्या पॉवरटेक्स इंडिया योजनेत साधे माग आहे त्याच जागी सुधारण्यासाठी अनुदान होते. त्यात भर होता तो ताण्याचा किंवा बाण्याचा धागा तुटताच माग थांबवणाऱ्या साधनांवर, ताणा नियमाने सोडणाऱ्या यंत्रणेवर आणि चांगल्या ब्रेकवर. ही साधने उपयोगी आहेत, यात वाद नाही. पण बाणा तुटल्यावर माग थांबवणारे साधन बाणा तुटण्याचे कारण दूर करत नाही, आणि वेटोळी निसटून गुंता विणला गेला, तर धागा तुटलेलाच नसल्याने त्याला कळतही नाही.

करून पाहायचे तर

बैठक, पिन आणि बुश यांत परदेशातून आणावे असे काहीही नाही. ठाण्याच्या वागळे इस्टेटीत किंवा डोंबिवलीच्या एमआयडीसीत असे सुटे भाग काढू शकणारे छोटे कारखाने आहेत. अडचण आहे ती मापांची. निरनिराळ्या उत्पादकांच्या धोट्यांत टाचेची रुंदी आणि पोकळीची खोली वेगवेगळी असते. सुरुवात करायची तर भिवंडीत जास्त खपणाऱ्या दोन-तीन मापांपासून करावी. एकाच शेडमधले, एकाच सुतावर चालणारे माग निवडून निम्म्यांवर नवे धोटे आणि निम्म्यांवर नेहमीचे नवे धोटे लावावेत, म्हणजे जुन्याशी नव्याची चुकीची तुलना होणार नाही. प्रत्येक पाळीत गुंता किती वेळा झाला, पिन किती वेळा ठोकावी लागली आणि स्पिंडलच्या टोकाची हालचाल किती मिलिमीटर भरली, एवढ्या तीनच नोंदी ठेवाव्यात. चाचणी मे महिन्यात, पावसाळ्याआधी सुरू करावी आणि ऑक्टोबरच्या उन्हापर्यंत चालवावी. लाकूड एकदा फुगून पुन्हा आकसल्याशिवाय बैठक टिकली की नाही, हे कळणार नाही.